मेळघाटातला सर्व्हे आणि कॉलेजातली पोरं : जागतिक आरोग्य संशोधनातलं पार्ट-टाइम काम नेमकं असतं काय?

"हेल्थ सर्व्हेसाठी मुलं-मुली पाहिजेत. स्वतःची गाडी असल्यास प्राधान्य." अमरावती-अकोल्याच्या कॉलेज ग्रुपवर असे मेसेज फिरत असतात. काही खरे असतात, काही निव्वळ फसवे. खऱ्यांपैकी एखाद्याच्या मागे परदेशातलं विद्यापीठ आणि जगभर वाचला जाणारा शोधनिबंधही असू शकतो. पण त्यात आपण नेमकं काय करायचं, हे त्या मेसेजमध्ये सहसा नसतं. म्हणून हा विषय जरा नीट बघू.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या उदाहरणाने करू. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गाजल्या. धारणीजवळच्या उतावलीत डॉ. आशिष सातव यांची 'महान' ही संस्था नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून काम करते. या संस्थेने अमेरिकेतलं कोलोरॅडो विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था यांच्यासोबत मेळघाटातल्या ९३ गावांत एक मोठा अभ्यास केला. प्रश्न असा होता की दोन वर्षांखालची किती लेकरं आरएसव्ही नावाच्या विषाणूने दगावतात? निष्कर्ष २०२१ मध्ये 'क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस' या जर्नलमध्ये छापून आले.

याला महत्त्व का? कारण जगात आरएसव्हीची आकडेवारी मुख्यतः हॉस्पिटलमधून येते. जे लेकरू घरीच गेलं, ते त्या आकड्यांत नसतंच. गरोदर बाईला द्यायची आरएसव्हीची लस आता आली आहे आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारसही केली. अशी लस कुठल्या देशाने आधी घ्यावी, या चर्चेत घरी झालेले मृत्यू मोजलेले असणं गरजेचं असतं.

या अभ्यासाची पहिली फळी गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांची होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नेही ३९ गावांतल्या प्रशिक्षित बायकांच्या भरवशावर घरीच नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मग कॉलेजातल्या विद्यार्थ्याची जागा कुठे? अशा प्रकल्पांत सहसा दुसऱ्या फळीत, म्हणजे मुलाखती, भाषांतर आणि डेटाची तपासणी यांत.

एक प्रश्न, दोन वेगळे आकडे

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे 'व्हर्बल ऑटोप्सी'. मृत्यू घरी झाला, डॉक्टर नव्हता, कागद नाही. अशा वेळी घरच्यांना ठरलेले प्रश्न विचारून लक्षणं लिहून घेतात आणि नंतर डॉक्टर ती वाचून मृत्यूचं कारण ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेची यासाठी प्रमाणित प्रश्नावली आहे. भारतात 'मिलियन डेथ स्टडी' याच पद्धतीने झाला आणि त्यातले मुलाखत घेणारे डॉक्टर नव्हते. म्हणजे बी.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करणारं पोरगंही नीट प्रशिक्षण मिळालं तर हे करू शकतं.

पण एक प्रश्न बघा : जन्मल्यावर बाळ रडलं का, हललं का, त्याने श्वास घेतला का? उत्तर 'नाही' असेल तर तो मृतजन्म. 'थोडंसं रडलं' असेल तर तो नवजात मृत्यू. अर्भक मृत्युदरात मृतजन्म धरत नाहीत. म्हणजे घाईत 'नाही'वर टिक झाली, तर ते लेकरू त्या दरातून गायब होतं. वऱ्हाडात "लेकरू झाल्याबरोबर रडलं होतं काय?" असं विचारून थोडं थांबावं लागतं. माय लगेच बोलत नाही. शेजारी बसलेली सासू तिच्या आधी उत्तर देते. अशा वेळी मायला बोलायला जागा कशी करून द्यायची, हे फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं.

दुसरी अडचण भाषेची. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाळी आणि मुंडारीच्या घरातली. शिवाय मेळघाटात लेकराचं पोट फुगलं की काही घरांत भूमकाकडून पोटावर चटके दिले जातात, त्याला 'डंबा' म्हणतात. बातम्यांत हे वाचलं असेल. "उपचार घेतले का?" या प्रश्नाला कोणी 'हो' म्हणालं, तर तो दवाखाना होता की डंबा, हे विचारावंच लागतं. पुण्याहून आलेल्या संशोधकाला हा पुढचा प्रश्न सुचेलच असं नाही. चिखलदऱ्याहून अमरावतीला शिकायला आलेल्या कोरकू मुलीला तो सुचतो. माझ्या मते टीममधलं सगळ्यात दुर्मिळ कौशल्य तिच्याकडे असतं आणि तिला बहुतेकदा 'लोकल हेल्पर' म्हटलं जातं.

खोलीवर बसून काय करता येतं?

अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत धारणी दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते, त्यात घाट. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर जाऊन येण्यातलं हे काम नाही. त्यामुळे अर्धवेळ काम बहुतेक शहरातूनच होतं : इंग्रजी फॉर्म मराठीत आणणं, दुसऱ्या कोणी तो मूळ न बघता परत इंग्रजीत नेणं आणि दोन्हींतला फरक शोधणं. आता नोंदी ओडीके किंवा कोबोसारख्या मोबाइल ॲपवर होतात, त्यामुळे टायपिंग कमी आणि चुका पकडणं जास्त. दोन महिन्यांच्या बाळाचं वजन १२ किलो? लगेच फोन करून विचारा.

अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी एमबीबीएस करणाऱ्यांसाठी आणखी एक रस्ता आहे. आयसीएमआरची अल्पकालीन स्टुडंटशिप १९७९ पासून आहे. दोन महिन्यांचं स्वतःचं छोटं संशोधन करायचं, अहवाल मंजूर झाला की विद्यावेतन मिळतं. खारपाणपट्ट्यातलं पाणी आणि किडनीचे आजार हा प्रश्न अकोल्याच्या दारातच आहे.

हो म्हणण्याआधी

प्रकल्पाला एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, हे विचारा. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचीही मंजुरी लागते. औषध किंवा लसीची चाचणी असेल तर तिची नोंद सीटीआरआयच्या वेबसाइटवर कोणालाही शोधता येते. 'रजिस्ट्रेशन फी' किंवा 'डिपॉझिट' मागितलं तर तिथेच विषय संपवा. संशोधनात पैसे प्रकल्पाने द्यायचे असतात.

मोबदला दिवसावर की फॉर्मवर, हे लेखी घ्या. फॉर्मवर असेल तर सावध. एका दिवसात जास्त फॉर्म म्हणजे जास्त पैसे, असा हिशेब असला की घरबसल्या फॉर्म भरले जातात आणि वर सांगितलेल्या 'रडलं का' प्रश्नाची वाट लागते. पेट्रोल, विमा, मुक्काम कोणाचा, मुलींसोबत दुसरी मुलगी असेल का, हेही आधीच विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

संमतीपत्राचंही तसंच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. "ताई, इथे अंगठा मारा" एवढ्यावर संमती होत नाही. आणि मुलाखतीतला फोटो स्टेटसला टाकला तर त्या घराची गोपनीयता गेली.

नाव कुठे येईल, हाही प्रश्न आधीच विचारायचा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नुसता डेटा गोळा केल्याने लेखक होता येत नाही, पण आभारात नाव आणि अनुभवाचं पत्र मागता येतं. हे काम फील्ड प्रोजेक्ट किंवा ओजेटीच्या क्रेडिटमध्ये धरता येईल का, ते विभागप्रमुखांना विचारून ठेवा. मात्र क्रेडिट मिळतंय म्हणून मानधन नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही.

आणि वेळापत्रक. दिवाळीनंतर मेळघाटातली बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर जातात आणि होळीला परततात. घरी माणसं सापडण्याचा तो काळ उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर येतो. सुपरवायझरला परीक्षेच्या तारखा पहिल्याच दिवशी देऊन ठेवा.