नंबर आपला कसा झाला

लग्न झालं की बाईचं गाव बदलतं, आडनाव बदलतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत मोबाईलचा नंबरही बदलायचा. आमच्यातल्या कितीतरी जणींनी माहेरचं सिमकार्ड डब्यात टाकून सासरी नवं घेतलंय. आता तसं करावं लागत नाही. हे कसं घडलं, ते आज सांगतो.

आपल्या देशात मोबाईल आला १९९५ साली. सरकारने देशाचे भाग पाडले, त्यांना सर्कल म्हणतात. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई मात्र वेगळी. प्रत्येक कंपनीला सर्कलप्रमाणे नंबर वाटून दिलेले. ९४२२ ने सुरू होणारा नंबर दिसला की तो बीएसएनएलचा, हे शाळकरी पोरसुद्धा सांगायचं. फोन कुठल्या कंपनीकडे पाठवायचा, हे त्या पहिल्या आकड्यांवरूनच ठरायचं. म्हणजे नंबर कंपनीचा, आपण नुसत्या वापरणाऱ्या. रेंज येवो न येवो, कंपनी सोडली की नंबर गेला. मग डेअरीवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांना कळवत बसा.

फोन कंपन्यांवर देखरेख करणारी ट्राय ही सरकारी संस्था आहे. कंपनी बदलली तरी नंबर तोच राहावा, अशी शिफारस तिने २००६ साली केली. नियम यायला २००९ उजाडलं. त्यानंतरही तारीख पे तारीख! अखेर २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. फी होती १९ रुपये.

यात युक्ती काय? कंपनी बदललेल्या नंबरांची नोंद एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवतात आणि फोन जोडताना ती पाहतात. आपल्या पोस्टमनसारखंच. पाकिटावर जुना पत्ता असला तरी त्याला ठाऊक असतं, की या बाई आता वरच्या आळीत राहतात.

पण सर्कलची वेस तशीच राहिली. मुंबईची मुलगी साताऱ्यात दिली, निपाणीची कोल्हापुरात, तर नंबर सोबत नेता येईना. निपाणी ते कोल्हापूर अंतर ते किती! तरी सर्कल दुसरं, कारण निपाणी कर्नाटकात. जुनाच नंबर ठेवला तर माहेरच्यांनी केलेल्या फोनचेही पैसे आपल्याला पडायचे. ही वेस पडली ३ जुलै २०१५ ला. आमच्या मते बायांच्या दृष्टीने खरी तारीख हीच, पण तिची आठवण कुणी काढत नाही.

२०१८ मध्ये एअरसेल कंपनी बंद पडली, तेव्हा तिच्या ग्राहकांना नंबर वाचवायला हीच सोय कामी आली. डिसेंबर २०१९ पासून पद्धत आणखी सोपी झाली. १९०० वर 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर पाठवायचा. कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. मात्र सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. आणि जुना बॅलन्स सोबत येत नाही, तो आधी संपवा. कोड कुणाला फोनवर सांगू नका.

मध्यंतरी एक अडचण होती. स्वस्त रिचार्जमध्ये मेसेजची सोयच नसायची, मग १९०० वर पाठवणार कसा? गरिबाच्या हातातली किल्लीच काढून घेतल्यासारखं झालं. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने आदेश काढला, की रिचार्ज कितीचाही असो, हा मेसेज जाऊ द्यायचा.

आता गटातली गोष्ट. आम्ही बैठकीत विचारलं, सिम कुणाच्या नावावर आहे? निम्म्याहून जास्त हात खाली. कुणाचं नवऱ्याच्या, कुणाचं दिराच्या, एकीचं तर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. बँकेचे, आधारचे मेसेज त्याच नंबरवर येतात, पण कंपनीच्या दप्तरी मालक दुसराच. नाव बदलण्याचा अर्ज अर्धवट असेल, तर नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय, आधी सिम आपल्या नावावर करायचं, कंपनीचं मग बघू. येत्या सोमवारी आठ जणी आधारकार्ड घेऊन, आणि ज्यांच्या नावावर सिम आहे त्या घरच्यांनाही घेऊन, तालुक्याला निघाल्यात.