वळिवड्याच्या बराकी

कोल्हापूरहून मिरजेकडे गाडी निघाली की थोड्याच वेळात वळिवडे स्थानक येते. जवळच गांधीनगर. तेथील कापडपेठेची गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. परंतु त्याच जमिनीवर एके काळी पोलंडमधील सुमारे पाच हजार माणसे राहत होती आणि त्यांत बहुतेक बायका व मुले होती, हे त्या गर्दीतील किती जणांस ठाऊक असेल? युद्धाने घराबाहेर काढलेल्या मुलांना जगाने कसे सावरले, हा विषय फार मोठा आहे. तो समजून घेण्यासाठी दूर जिनिव्हाला जाण्याआधी वळिवड्याला थांबावे, असे आम्हांस वाटते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चाल केली. १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आत शिरले. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील अरण्यांत धाडण्यात आली. थंडी, उपासमार आणि टायफस यांनी मुले दगावू लागली. पुढे जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणात पोहोचले; त्यांपैकी बहुतेक कास्पियन समुद्र ओलांडून पहलवी बंदरात उतरले होते. धडधाकट पुरुष सैन्यात गेले. बायका-मुलांना मात्र जागा हवी होती. कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत. ७३३ मुले १९४४ मध्ये न्यूझीलंडने घेतली. आपल्याकडे जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे शेकडो मुलांची सोय केली, आणि १९४३ मध्ये वळिवड्याची छावणी उघडली.

या छावणीत काय होते? एकमजली बराकींच्या रांगा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, अनाथालय होते. पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या होत्या त्या तेथील शाळा. बालवर्गापासून माध्यमिक शिक्षणापर्यंत सारे पोलिश भाषेतून चाले, आणि शिकवणारेही त्याच निर्वासितांतले. बालवीर-पथके होती, नाटके होत, सणवार होत. अन्नाने मूल जगते हे खरेच. पण शाळेच्या घंटेने त्याच्या दिवसाला आकार येतो, आणि आपल्या भाषेत लिहिता-वाचता आले की आपण कोण, हे त्याला विसरावे लागत नाही. मुलाला वाचवताना त्याचे नाव, भाषा आणि भावंडे त्याच्यापासून हिरावून घ्यावयाची नाहीत, हा धडा या बराकींनी त्या काळीच घालून दिला.

येथे थांबून आपल्या आतिथ्याचा अभिमान मिरवणे सोपे आहे. पण इतिहास वाचणाऱ्याने तेच वर्ष दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ज्या १९४३ मध्ये वळिवड्यात बराकी भरत होत्या, त्याच वर्षी बंगालमध्ये मुले रस्त्याच्या कडेला मरत होती. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथला तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याकडील होड्या आणि धान्यसाठे काढून घेतले होते. युद्धखर्चाने भाव भडकले होते. त्या दुष्काळात आणि त्यामागोमागच्या साथींत वीस ते तीस लाख माणसे गेली, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. तीही युद्धाचीच मुले होती. मग एकाला बराक मिळाली आणि दुसऱ्याला नाही, असे का? पोलिश मुलाचा यात काहीच अपराध नव्हता. फरक इतकाच, की त्याच्या मागे लंडनमध्ये एक सरकार उभे होते. ते छावणीचा खर्च उचलत होते आणि दोस्त राष्ट्रांच्या दारी त्याच्यासाठी बोलत होते. बंगालच्या मुलासाठी बोलणारे सरकारच नव्हते.

आणि सरकारचा आधार तरी किती दिवसांचा? जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध जिंकले गेले होते. पण वळिवड्यातील अनेकांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. कालपर्यंत मित्रराष्ट्राची असलेली मुले एका निर्णयाने निराधार झाली. त्यांचा भार पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित-संस्थांना उचलावा लागला.

म्हणूनच मुलाचा हक्क त्याच्या सरकारावर टांगून ठेवता येत नाही. हे ओळखणाऱ्यांत एग्लंटाइन जेब ही इंग्रज बाई अग्रणी होती. पहिले महायुद्ध थांबल्यावरही नाकेबंदीमुळे ऑस्ट्रिया-जर्मनीतील मुले उपाशी होती. १९१९ मध्ये त्यांची छायाचित्रे असलेली पत्रके लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वाटल्याबद्दल तिला अटक झाली आणि पाच पौंड दंड भरावा लागला. शत्रूच्या मुलांसाठी दंड भरणाऱ्या या बाईने बालहक्कांचा जो मसुदा लिहिला, तो १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने स्वीकारला. संकटात पहिली मदत मुलाला, आणि ती वंश, राष्ट्र, धर्म न पाहता, हे त्याचे सार होय. पुढे ११ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी युद्धपीडित देशांतील मुलांसाठी जो निधी उभारला, तोच आजचा युनिसेफ. त्याच्या स्थापनेसाठी झटणारा आणि त्याचा पहिला अध्यक्ष झालेला लुडविक राइख्मन हा डॉक्टर पोलंडचाच होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९४८ मध्ये वळिवड्याची छावणी बंद झाली. तेथील माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांत पांगली. काही पोलंडला परतली. बराकी रिकाम्या झाल्या. पण फार काळ तशा राहिल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे तेथे आली आणि त्यांनी वसवलेल्या वस्तीचे गांधीनगर झाले. त्याच छपराखाली एका देशाची मुले निजून उठली आणि दुसऱ्या फाळलेल्या देशाची मुले येऊन निजली. छपराने कोणालाही त्याचा पक्ष विचारला नाही.

युद्धे थांबलेली नाहीत. आजही मुले बोचकी घेऊन सीमा ओलांडीत आहेत. उद्या असे एखादे मूल आपल्या गावात उतरले, तर त्याच्या मागे कोणते सरकार उभे आहे हे विचारण्याआधी, आपल्या शाळेत त्याच्यासाठी बाकावर जागा आहे की नाही, एवढे आपण पाहावे. वळिवड्याच्या बराकींकडून आम्ही तरी हेच शिकलो.