शुक्रवार की मंगळवार?



शिवजयंतीच्या आदल्या दिवशी नातवाने मला पेचात टाकलं. शाळेतल्या भाषणासाठी मी त्याला लिहून दिलं होतं की महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शुक्रवारी झाला. तो मोबाइल घेऊन आला. "आजी, इथे मंगळवार दाखवतंय. तुझं पुस्तक चुकलं!"

मला रात्री झोप लागेना. कारण हा शुक्रवार कुणाच्या मनचा नाही. जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेसोबत तो वार नोंदलेला आहे. लोकमान्य टिळकांनी ती शकावली १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी जन्मसाल १६२७ धरत असत. आम्ही कॉमर्सवाले, बेरीज जुळली नाही की सगळ्या खात्यावरच संशय घेतो. वारच खोटा निघाला तर तिथीवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

उठून पेन्सिल घेतली. वार काढायची रीत सोपी आहे. सालाचे शेवटचे दोन आकडे, त्यांचा चौथा भाग (बाकी सोडून), तारीख आणि महिन्याचा अंक, सगळं मिळवायचं आणि सातने भागायचं. बाकी शून्य तर रविवार, एक तर सोमवार, असं पुढे. महिन्यांचे अंक जानेवारीपासून क्रमाने ०, ३, ३, ६, १, ४, ६, २, ५, ०, ३, ५. लीप वर्षातल्या जानेवारी-फेब्रुवारीला एक वजा. १९००च्या शतकाला आणखी काही नाही, १६०० आणि २०००च्या शतकांना ६ मिळवायचे.

आधी १५ ऑगस्ट १९४७ करून पाहिलं. ४७ + ११ + १५ + २ = ७५, बाकी ५, शुक्रवार. बरोबर!

मग महाराजांची तारीख. ३० + ७ + १९ + ३ + ६ = ६५, बाकी २. मंगळवारच! क्षणभर नातू खरा वाटला.

मग आठवलं, कॅलेंडरच बदललेलं आहे. जुन्या युरोपी कॅलेंडरात दर चौथं वर्ष लीप, त्यामुळे ऋतू आणि तारखा यांचा मेळ सुटत गेला. म्हणून १५८२ मध्ये पोप ग्रेगरींनी दहा तारखा गाळल्या. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर! तारखा उडाल्या, पण वारांची साखळी तुटली नाही. इंग्रजांनी मात्र हे १७५२ पर्यंत मानलं नाही. शिवकाळाच्या आपल्या रूढ तारखा त्या जुन्या इंग्रजी पद्धतीच्या आहेत, आणि मोबाइल गणित करतो नव्या पद्धतीने. म्हणून १९ मध्ये दहा मिळवायचे. ६५ चे ७५ झाले, बाकी ५. शुक्रवार! (स्वातंत्र्यदिनाचीही बेरीज ७५च होती, गंमत वाटली.)

आता हात थांबेना. राज्याभिषेक, ६ जून १६७४. दहा मिळवून ११८, बाकी ६, शनिवार. गोव्यातले पोर्तुगीज नवं कॅलेंडर पाळत, त्यांच्याकडे त्या दिवशी १६ जून होती. पण शकावली शुक्रवार म्हणते! पुन्हा घोटाळा? नाही. तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले, असं तिथेच नोंदलं आहे. आपलं सामायिक दोन घटकांचं, म्हणजे ४८ मिनिटांचं, तेव्हा तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं. सूर्य उगवायचा होता, म्हणून पंचांगाचा शुक्रवार अजून चालूच होता, आणि इंग्रजी दिवस मध्यरात्रीच बदलून शनिवार झाला होता.

सकाळी नातवाला वहीचं पान दाखवलं. त्याने दोनदा बेरीज तपासली आणि भाषणात शुक्रवार ठेवला. जाताना विचारलं, "आजी, तुझ्या लग्नाचा वार काढू?" म्हटलं काढ, पण त्यात दहा मिळवू नकोस!