रूळ नसलेल्या गावाचा खोळंबा

रेल्वे कापसामागे धावली. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात १८७० मध्ये जलंब–खामगाव फाटा झाला. त्याच बुलढाणा जिल्ह्यातले घाटावरचे दुसरबीड गाव रुळांविनाच राहिले. मुंबईच्या उपनगरात लोकल अडली तर निदान बस उरते, इथे मात्र एसटी हीच लोकल. म्हणून ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ चा एसटी संप अशा गावांना लोकलबंदीहून जड गेला, असे मला वाटते. काळी-पिवळी जीप होतीच की, असे कुणी म्हणेल. होती, पण सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, विद्यार्थ्याचा पास तिथे चालत नाही आणि अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीने मोफत जाणाऱ्या शाळकरी मुलीलाही भाडे मोजावे लागते. पैसे उसने मिळतात, शाळेच्या पहिल्या तासाची वेळ नाही. संपकऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या, हे मान्य करूनही हा हिशेब मांडावाच लागतो.