तालमीतून ओसरीवर

व्यायामाचा इतिहास म्हटला की आपल्याकडे पैलवानांची नावे निघतात. कोणी कोणाला चीत केले, कोणाचा खुराक केवढा होता, याच्या गोष्टी रंगतात. मलाही त्या आवडतात. पण श्रोतेहो, व्यायामाने दंडाचा घेर किती वाढला यापेक्षा घरातले घड्याळ कसे बदलले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. तो समजून घ्यायला औंध संस्थानाकडे पाहावे.

तालीम ही निराळीच दुनिया होती. तांबडी माती, वस्तादांचा धाक, दूध-बदाम आणि पाठीशी राजाश्रय. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी खासबागेचे मैदान उभारले, ते १९१२ साली पुरे झाले. अशा मैदानांवर हजारो लोक जमत. पण ते बघायला! कारकून, पंतोजी, दुकानदार हे सारे प्रेक्षक. बायकांना तर तेवढीही जागा नव्हती. बळ असावे ते पैलवानापाशी, इतरांनी आपापला संसार सांभाळावा, अशी एकंदर समजूत होती.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी तरुणपणी सुमारे दहा वर्षे युजेन सँडोच्या पद्धतीने, म्हणजे विलायती साधने घेऊन, व्यायाम केला. मग ते नमस्कारांकडे वळले. नमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. ते आपल्या घरांतून चालत आलेले होते. पंतांनी त्यांना पद्धतशीर रूप दिले: दहा अवस्था, श्वासाचे नियम, मंत्रोच्चार. १९०९ साली गादीवर आल्यावर त्यांनी ते संस्थानच्या शाळांत सक्तीचे केले.

आता गंमत पाहा. नमस्काराला लागते काय? पुरुषभर लांबीची जमीन आणि दोन हातांची रुंदी. वस्ताद नको, माती नको, खर्च नको. तालीम उठून ओसरीवर आली ती अशी. पण तिने येताना एक अट आणली: पोट रिकामे हवे. शंभर नमस्कार सावकाश घालायला अर्धा तास जातो. तो सकाळच्या खाण्याआधी काढायचा तर उठणे लवकर आले. लवकर उठायचे तर रात्रीचे जेवण अलीकडे ओढणे आले. चहाला पंतांचा विरोधच होता. पण तो नसता तरी चहा मागे सरकलाच असता. एका अटीने अख्खा दिनक्रम हलतो. उपदेशाने जे होत नाही ते अशा अडचणीने होते.

सवयीबरोबर अपेक्षाही बदलते. मुलींनी आणि बायकांनीही नमस्कार घालावेत असा पंतांचा आग्रह होता. मुलीच्या जातीने घरकाम केले की तिला व्यायाम झाला, असे मानणाऱ्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पाठीचे दुखणे हे बाईच्या वाट्याला यायचेच, असे मानायचे कारण उरले नाही.

सक्तीविषयी मात्र माझे मन साशंक आहे. राजाने आज्ञा करावी आणि पोरांनी वाकावे, यात कवाईत साधते. गोडी लागतेच असे नाही. तरी याच राजाने १९३९ साली आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना स्वीकारली, हे विसरून चालणार नाही.

१९३८ साली लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादलेले पंतांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजाज्ञेचे दिवस सरले. आज नमस्कार योगवर्गांतून जगभर घातले जातात. पंतांच्या काळी आसने आणि नमस्कार हे बहुधा निरनिराळे विषय मानले जात, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. बर्लिनमध्ये रबरी चटईवर वाकणाऱ्या बाईला औंध कोठे आहे ते ठाऊक नसेल. पण पोट रिकामे ठेवा, हे तिलाही सांगतात, आणि तिची सकाळची कॉफी तेवढी लांबते.