एका गळाला किती मासे? दंड, पहारा आणि नदीचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपण लढाया, तह आणि किल्ले यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय त्यामानाने शांत आहे. नदीकाठी गळ टाकून एक माणूस बसलाय. त्याने दिवसाला किती मासे न्यावेत, केवढे न्यावेत आणि कधी नेऊ नयेत, हे ठरवणारा कायदा असतो. त्याने तो मोडला तर काय होतं? दंड किती? आणि तो दंड करायला तिथे हजर कोण असतं? हा शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा, कारण दोन हजार वर्षांची ही सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

सुरुवात कौटिल्यापासून करू. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सूनाध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. सूना म्हणजे कत्तलखाना. ज्या मासे-पक्ष्यांना मारण्याची मुभा नाही त्यांना कोणी पकडलं, मारलं किंवा इजा केली, तर पावणेसत्तावीस पण दंड. हरणासारख्या पशूंसाठी याच्या दुप्पट. दंडाची रक्कम अगदी पाव पणापर्यंत ठरलेली आहे. जे मासे पकडायला परवानगी आहे, त्यांतला दहावा किंवा त्याहून जास्त हिस्सा राजाचा. म्हणजे अधिकारी आहे, दंड आहे आणि सरकारचा आर्थिक हितसंबंधही आहे. कायदा चालायला लागणाऱ्या या तिन्ही गोष्टी इथे एकत्र दिसतात.

आता सम्राट अशोक. राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी, म्हणजे इ.स.पूर्व २४३ च्या सुमारास, त्याने कोरवलेला पाचवा स्तंभलेख पाहा. अभय दिलेल्या प्राण्यांच्या यादीत काही मासेही आहेत. शिवाय चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा आणि तिष्य नक्षत्राची पौर्णिमा यांच्या आसपास चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदा असे तीन दिवस, तसंच उपोसथाच्या दिवशी, मासे मारायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत. ‘विकायचेही नाहीत’ हा भाग मोठा हुशारीचा आहे. प्रत्येक घाटावर शिपाई उभा करणं कुठल्याच राजाला परवडत नाही, पण बाजारावर नजर ठेवणं सोपं असतं. गंमत म्हणजे या लेखात दंडाचा आकडा नाही. कौटिल्य भीती घालतो, अशोक सांगून पाहतो.

इकडे इंग्लंडमध्ये १२८५ साली पहिल्या एडवर्डने वेस्टमिन्स्टरचा दुसरा कायदा केला. त्यात सामन माशासाठी बंदीचा हंगाम होता: ८ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर. हंबर, ट्रेंट, टाईन अशा नद्यांची नावं घेऊन तो लागू केला. शिक्षा पायरीपायरीने वाढणारी. पहिल्यांदा सापडलात तर जाळी जाळून टाकायची. दुसऱ्यांदा तीन महिने कैद. तिसऱ्यांदा वर्षभर. कायदा कडकच, पण सामन कमी होण्याची तक्रार पुढची सहाशे वर्षं चालूच राहिली. उत्तर सापडलं १८६० च्या दशकात. १८६१ च्या कायद्याने निरीक्षक नेमले आणि १८६५ च्या कायद्याने नदीवार मंडळं स्थापून मासेमारीच्या परवान्यावर शुल्क बसवलं. त्या शुल्कातून नदीवर गस्त घालणाऱ्या बेलिफांचा पगार निघू लागला. मासे धरणाराच पहारेकऱ्याचा पगार देतो, ही कल्पना पुढे जगभर गेली.

भारतात काय झालं? मद्रास सनदी सेवेतला हेन्री सलिव्हन थॉमस हा दक्षिण कॅनरात अधिकारी होता आणि पट्टीचा गळवाला. १८७३ साली त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक आलं. त्याच वर्षी फ्रान्सिस डे या डॉक्टर-मत्स्यशास्त्रज्ञाने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या गोड्या पाण्यातल्या माशांवर सरकारला अहवाल दिला. दोघांची तक्रार सारखी होती: बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लं जातात, बांध घालून गाबोळी भरलेल्या माद्या अडवल्या जातात, विष घालून डोहच्या डोह रिकामे होतात. तरी अखिल भारतीय कायदा यायला १८९७ साल उजाडलं.

त्या कायद्याची कलमं मोजकीच आहेत. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष, चुना वगैरे कालवून मासे मारले तर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. प्रांताने केलेले जाळी-बांधांविषयीचे नियम मोडले तर १०० रुपयांपर्यंत, आणि गुन्हा चालूच ठेवला तर दिवसाला १० रुपयांपर्यंत. डोळ्यांदेखत गुन्हा घडला आणि माणूस नाव-पत्ता सांगेना, किंवा खोटा सांगतोय असा संशय आला, तर वॉरंटशिवाय अटक. तेव्हाचे २०० रुपये म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई.

पण नीट पाहा, या कायद्यात गळवाला साहेब कुठेच नाही. दिवसाला इतकेच मासे, असा आकडा नाही. रोख सगळा जाळंवाल्या, बांधवाल्या गरीब माणसावर आहे. साहेबाने पन्नास मासे ओढून काढले तर ती हौस, आणि कोळ्याने पन्नास काढले तर ती नासाडी, असं गृहीतच धरलेलं. ही असमानता आजही नदीकाठच्या लोकांच्या मनात आहे. कायद्याला गावाची साथ का मिळत नाही, याचं एक कारण तिथे सापडतं.

गळवाल्यावर मर्यादा आली ती ट्राउटमुळे. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि १९०९ पासून कुलूमध्ये हा विलायती मासा हॅचरीत वाढवून नद्यांत सोडला गेला. पैसा आणि कष्ट खर्चून आणलेला मासा कोणीही कितीही न्यावा, हे परवडणारं नव्हतं. मग परवाना आला, नदीचे पट्टे पाडले गेले, एका पट्ट्यावर मोजकेच गळ, ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा परत सोडायचा आणि दिवसाची संख्या ठरलेली. संख्येची कल्पना मूळची शिकारीतली. अमेरिकेतल्या आयोवा राज्याने १८७८ साली एका शिकाऱ्याने दिवसाला २५ पक्षीच मारावेत असा नियम केला होता. आपल्याकडे ट्राउटवर पहारा नीट बसला, कारण नद्या लहान होत्या आणि रक्षक पट्ट्यावर पायी फिरू शकत होता.

आता कावेरी. इथे १९४६ साली कावेरीच्या काबिनी या उपनदीत १२० पौंडांचा महसीर गळाला लागला होता. स्वातंत्र्यानंतर सुरुंगांनी डोह मोकळे होत गेले. १९७० च्या दशकापासून वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडियाने नदीचा पट्टा भाड्याने घेतला आणि पुढे भीमेश्वरी, गालिबोर, दोड्डमकळी इथे गळवाल्यांचे कॅम्प उभे राहिले. बंगळुरू-म्हैसूरच्या आपल्या मराठी मंडळींना ही नावं परिचयाची असतील. नियम एकच: मासा धरा, वजन नोंदवा, परत सोडा. म्हणजे नेण्याची मर्यादा शून्य. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांतलेच काही जण तिथे वाटाडे आणि रखवालदार झाले. सुरुंग कोण लावतो, हे त्यांना माहीत होतं.

पुढे प्रश्न उभा राहिला. हे कॅम्प अभयारण्यात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पकडणं, आमिष लावणं हेही शिकारीतच मोडतं. मग मासा सोडून दिला तरी गुन्हा होतोच ना? या अर्थाप्रमाणे २०१० नंतर गळ बंद झाले. वनखात्याचा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही. अभयारण्यात छंदासाठी प्राण्याला इजा का करू द्यावी? पण २०१३ साली ‘करंट सायन्स’मध्ये अभ्यासकांनी दुसरी बाजू मांडली: गळवाले होते म्हणून नदीवर डोळे होते. त्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदवह्यांत सहा हजारांहून अधिक महसीर आहेत. याच नोंदींतून कळलं की मूळचा कुबडधारी महसीर घटत होता आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या पराचा महसीर वाढत होता. हा निळ्या पराचा मासा आपल्या लोणावळ्याजवळच्या वळवण हॅचरीतून दूरवर पोचला होता. २०१८ साली कुबडधारी महसीर अतिसंकटग्रस्त यादीत गेला. वह्या नसत्या तर हे उमगलंही नसतं.

महाराष्ट्रात तिसरी तऱ्हा दिसते. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरचं वाळण कोंड, वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे. इथले महसीर देवाचे. कोणी गळ टाकत नाही. दंडाची पावती नाही, बेलिफ नाही. रखवाली अख्ख्या गावाची. पण याच्या मर्यादाही ओळखा. डोहापुरता धाक, वरच्या अंगाला कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर देवाच्या डोहालाही ती पोचतेच.

इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ साली लिहिलं होतं की गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती चुकणार नाही या खात्रीने. नद्यांचा इतिहास तेच दाखवतो. १२८५ चा वर्षभराचा तुरुंग सामनला वाचवू शकला नाही, १८९७ चे दोनशे रुपये महसीरला वाचवू शकले नाहीत. आकडा वाढवून काम होत नाही. नदीवर माणूस लागतो, आणि नदी जगण्यात त्या माणसाचं काही हित लागतं.

म्हणून यंदा पहिल्या पावसात, ओढ्यात चढणीचे मासे दिसले आणि सगळा गाव काठ्या-पाट्या घेऊन निघाला, की एवढं आठवा: त्यातली बरीचशी मासळी गाबोळी टाकायला वर निघालेली असते. तिथे कोणी शिपाई नसेल. मर्यादा किती, हे त्या वेळी तुम्हालाच ठरवायचं आहे. भेटू पुढच्या भागात.