एका सर्वसाधारण विषाणूची मोजदाद

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याला दोन आकडे लगेच भेटतात आणि त्यांचा मेळ काही बसत नाही. लैंगिक संबंध आलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांना, मग पुरुष असो वा स्त्री, आयुष्यात कधी ना कधी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची लागण होते, असा अमेरिकेतला अंदाज आहे. इकडे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या बायकांची तपासणी झाली, तेव्हा विषाणू सापडला तो दहांतल्या जेमतेम एकीत. मग खरं काय मानायचं?

दोन्ही. एसटी स्टँडवर दुपारी बारा वाजता उभी असलेली माणसं मोजली, तर दिवसभरात किती आली-गेली ते कळत नाही. नव्वद टक्के लागणी दोनेक वर्षांत शरीर स्वतःच निपटून टाकतं, तेही बहुतेकदा काही कळू न देता. शिवाय त्या बायकांची तिशी उलटलेली होती, आणि लागण बहुधा संबंध सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच होते. वापरलेली चाचणीही दोनशेहून अधिक प्रकारांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या धोक्याचे तेराच ओळखणारी होती. कोणाला, कोणत्या वयात, कशाने मोजलं, हे विचारल्याशिवाय इथे एकही आकडा पुढे सरकू देऊ नये.

उस्मानाबादचं ते काम २००९ साली प्रसिद्ध झालं. ज्या गटात एकदाच विषाणूची चाचणी झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच, पण तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे कडाक्याचा वाद झाला. तो वाद विद्यार्थ्याने टाळू नये.

तपासणीच्या खोलीत मात्र या आकड्यांचं काही चालत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बाईचा पहिला प्रश्न असतो, ‘हे आलं कुठून?’ आणि सासरचा त्याहून तिखट. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, आयुष्यात एकच जोडीदार असला तरी लागण होते, आणि ती कधी झाली हे चाचणी सांगत नाही. चारित्र्याचा दाखला तिच्यातून निघत नाही, हे समुपदेशकाने पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं. नवऱ्याला तपासा म्हणावं, तर पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली अशी मान्यताप्राप्त चाचणीच नाही. म्हणून संशयही बाईच्याच वाट्याला येतो.